जुनी जीप रोजच्या कामाला आणायची? आधी कागद, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

जरीपटका (नागपूर) : वाड्याच्या मागं, नाहीतर गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांच्या काळातली जीप आजही बऱ्याच गावांत दिसते. टायर बसलेले असतात, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं असतं, पण घरातलं कोणी ती भंगारात द्यायला तयार नसतं. त्यात हल्ली मोबाईलवर चकचकीत जीपचे व्हिडिओ फिरतात. ते पाहून घरातली तरुण पोरं म्हणतात, आपणही बनवू.

सावनेर, कामठी, पारशिवनीकडून नागपुरात येताना कोराडी रोड आणि कामठी रोड लागतात. या दोन रस्त्यांच्या मधे जरीपटका, इंदोरा हा भाग येतो. गाडी शहरातल्या मिस्त्रीकडे आणायची तर पहिला प्रश्न पैशाचा असतो. पण त्याच्याही आधीचा प्रश्न वेगळा आहे. गाडी बनवायची कशासाठी? लग्नाच्या वरातीत आणि रॅलीत मिरवायला, की शेतात, बाजारात, दवाखान्यात रोज न्यायला? या दोन गाड्यांचं काम वेगळं आहे आणि त्यांना लागणारा कायदाही वेगळा आहे. हे आधी न ठरवल्यामुळे लाखभर रुपये घालूनही गाडी दारातच उभी राहते.

शेतकऱ्यासाठीच निघालेली गाडी

जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीजनं १९४५ मध्ये साध्या लोकांसाठी जीप काढली. तिचं नाव सीजे, म्हणजे सिव्हिलियन जीप. तिचं पहिलं गिऱ्हाईक शेतकरी होता. नांगर ओढायला, पट्टा लावून यंत्र फिरवायला आणि रविवारी घरच्यांना गावात न्यायला एकच गाडी, अशी तिची जाहिरात असायची.

आपल्याकडे महिंद्रानं १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं येऊन जरीपटक्यात वसली, तोही हाच काळ. पुढे सीजे-३बी हे उंच बोनेटचं मॉडेल भारतात कित्येक वर्षं बनत राहिलं. बोनेट उंच असण्याचं कारण दिखावा नव्हता. आतलं २.२ लिटरचं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून झाकणही उंच झालं. नंतर प्यूजो तंत्राचं डिझेल इंजिन आलं, ८० च्या दशकात एमएम ५४० आली आणि २०१० मध्ये थार. आज गावात "जुनी जीप" म्हणतात ती बहुतेक यांपैकीच एक असते. काही गाड्या लष्कराच्या लिलावातून आलेल्या असतात.

या गाडीचा मोठा गुण म्हणजे तिचं साधेपण. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. मजबूत चासीवर इंजिन, गिअरबॉक्स आणि कमानपाट्यांवर बसवलेले दोन अ‍ॅक्सल, संपली गाडी. फिलिपिन्समध्ये युद्धानंतर अमेरिकन लष्करानं मागं सोडलेल्या जीप लोकांनी लांब करून सवारी गाड्या केल्या. त्यांना जीपनी म्हणतात आणि तो प्रकार तिथं आजही रस्त्यावर आहे. म्हणजे ही गाडी टिकते. फक्त तिचा कमकुवत भाग कोणता, हे माहीत पाहिजे.

मूळ रूप की सुधारित गाडी?

जुनी गाडी उभी करण्याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे रिस्टोरेशन. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशीच करायची, बोल्टसुद्धा त्याच जातीचा. दुसरी पद्धत म्हणजे रेस्टोमॉड. बाहेरून रूप जुनंच ठेवायचं, पण ब्रेक, वायरिंग, चार्जिंग, कूलिंग आजच्या रस्त्याला साजेसं करायचं. रोज चालवायची गाडी या दुसऱ्या वाटेनं जाते.

यात नवल काही नाही. कंपन्यांनी स्वतःही तेच केलं. अ‍ॅम्बॅसेडर १९५७-५८ च्या सुमारास मॉरिस ऑक्सफर्डवरून आली आणि ९० च्या दशकात त्याच अंगाच्या गाडीला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं. फरक इतकाच, की कंपनी असा बदल करते तेव्हा गाडीची चाचणी आणि मंजुरी होते. गल्लीतल्या गॅरेजात ती होत नाही. म्हणूनच पहिली पायरी कागदाची.

कायदा काय म्हणतो?

इथं तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

पहिली, व्हिंटेज नंबर. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंतर फेरनोंदणी ५ हजार रुपयांत. नंबर प्लेटवर "व्हीए" ही अक्षरं येतात. पण अटी दोन आहेत. गाडीच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. आणि अशी गाडी रस्त्यावर रोज चालवता येत नाही, धंद्याला तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे जीप शेतावर रोज न्यायची असेल, तर व्हिंटेज नंबर आपल्या कामाचा नाही. "व्हिंटेज करून देतो, मग कोणी अडवणार नाही" असं सांगणाऱ्या दलालाला हा नियम विचारून बघावा.

दुसरी, साधी नोंदणी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. पुढे गाडी परिवहन कार्यालयात दाखवून, तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या कार-जीपसाठी हे शुल्क १० हजार रुपये झालं आहे. जीएसटी आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून गेली असेल तर उशिराचं शुल्क महिन्यागणिक चढत जातं, म्हणून गाडीला पाना लावण्याआधी एकूण किती भरावं लागेल ते कार्यालयातून लिहून घ्यावं. डिझेल १० वर्षं आणि पेट्रोल १५ वर्षं हा जो नियम बातम्यांत ऐकू येतो, तो दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता आहे. नागपुरातल्या खासगी गाडीला तो लागू नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, बदलाची मर्यादा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीचा मेळ बसणार नाही असा बदल मालकानं करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. नियम मोडला तर दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मंजूर सीएनजी-एलपीजी किट बसवणं किंवा त्याच जातीचं दुसरं इंजिन टाकणं याला वाट आहे, पण ती परवानगी घेऊन आणि आरसीवर नोंद करून. रंग बदलला तरी नोंद लागते.

फसवणूक नेमकी कुठं होते?

पेट्रोल जीपमध्ये दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन, कापून लांब केलेली चासी, आरसीवर एक मॉडेल आणि समोर दुसरंच. बाहेरून ही गाडी झक्कास दिसते. हरियाणातली डबवाली अशा बांधीव जीपसाठी देशभर ओळखली जाते आणि तिथल्यासारख्या गाड्यांचे व्हिडिओ आपल्या भागातही बघितले जातात. बनवणारा बनवून देतो. रस्त्यावर पकडली जाते ती मालकाच्या हातात.

दंड भरून सुटता तरी येतं. अपघात झाला तर प्रकरण मोठं होतं. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला इंजिन नंबर जुळला नाही, की विमा कंपनीला दावा अडवायला आयतं कारण मिळतं. समोरच्या जखमी माणसाची भरपाई मग मालकाच्या शेतीवर आणि घरावर येऊन बसू शकते. थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे, तो असायलाच हवा. स्वतःच्या गाडीचाही विमा काढायचा असेल, तर पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते. ती पॉलिसीवर नीट लिहून घ्यावी आणि गाडीचे फोटो, बिलं जपून ठेवावीत.

जीप विकत घेणार असाल तर टोकन देण्याआधी चासी नंबर स्वतः बघावा. गंज घासून, टॉर्च लावून, आरसीशी एकेक आकडा जुळवून. नंबराभोवती वेल्डिंगचा किंवा नव्यानं ठोकल्याचा खुणा असतील तर व्यवहार तिथंच थांबवावा. आजोबांच्या नावावरची गाडी असेल तर वारस म्हणून नाव आधी चढवावं. गाडी बनल्यावर भावाभावांत वाद नको.

पैसा कुठं आधी घालावा?

गॅरेजमध्ये बहुतेक लोक डेंटिंग-पेंटिंगपासून सुरुवात करतात, कारण ते डोळ्याला दिसतं. खरा क्रम उलटा आहे. थांबणं आधी, वळणं नंतर, आग टाळणं त्यानंतर, मग चालणं आणि शेवटी दिसणं.

१. ब्रेक. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्यांना तेल देणारा एकच मास्टर सिलिंडर असतो. सर्किट एकच असल्यामुळे कुठंही एक नळी फुटली, तरी पेडल थेट खाली जातं आणि चारही चाकं मोकळी होतात. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवला, तर पुढचं गेलं तरी मागचं पकडतं. जीव वाचवणारी सुधारणा म्हणावी ती हीच. सोबत व्हील सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेल्या लोखंडी नळ्या सगळ्या नव्या घ्याव्यात. नंतरच्या मॉडेलांप्रमाणे पुढे डिस्क ब्रेक बसवायचे असतील, तर ते परिवहन कार्यालयात विचारून आणि जाणत्या मिस्त्रीकडूनच. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावं. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून शाफ्टवर असतो. चढावर उभी करताना गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणं बरं.

२. स्टेअरिंग आणि टायर. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाक हलत नाही, ही जुन्या जीपची नेहमीची तक्रार. किंगपिन, टायरॉड एंड, स्टेअरिंग बॉक्स आणि कमानपाट्याचे बुश, यांतलं काय झिजलं ते गाडी उचलून तपासावं. एका खड्ड्यात बसून पुढची चाकं थरथरायला लागली, तर कारण बहुतेक इथंच सापडतं. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी खूप जुनं, तडकलेलं रबर भर उन्हात दगा देतं.

३. वायरिंग. जुन्या गाडीला आग लागते ती बहुतेक उघड्या वायरीनं नाहीतर गळक्या पेट्रोलनं. तुकडे जोडून टेप मारण्यापेक्षा पूर्ण वायरिंग नवी करावी आणि प्रत्येक लाइनला फ्यूज द्यावा. युद्धकाळातल्या विलीजला ६ व्होल्ट, नंतरच्यांना १२ आणि लष्करातून आलेल्या काही गाड्यांना २४ व्होल्ट असतात. १२ व्होल्ट सगळ्यात सोयीचं, बॅटरी आणि बल्ब कुठंही मिळतात. डायनामोच्या जागी अल्टरनेटर लावला की गाडी जागेवर उभी असतानाही चार्जिंग होतं. डायनामो कमी फेऱ्यांवर चार्जिंग देत नाही, म्हणून रात्री बाजारातून येताना लाइट मिणमिणतात. हेडलाइटला रिले लावला तर बटणातून आणि लांब वायरीतून करंट वाया जात नाही आणि त्याच बल्बचा उजेड वाढतो.

४. पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबर पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वॉशर यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, तडकतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकट गाळ सोडवतं आणि तो जेटमध्ये अडकतो. म्हणून टाकी उतरवून साफ करावी, इथेनॉल सोसणारे पाइप टाकावेत आणि पंपाआधी फिल्टर लावावा. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा महिनोन् महिने उभ्या गाडीत ते पेट्रोल ठेवू नये. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं घटणारच. तो इंजिनाचा दोष नव्हे.

दुसरी गोष्ट शिशाची. भारतात शिसं असलेलं पेट्रोल २००० साली पूर्ण बंद झालं. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला ते शिसं आधार द्यायचं. हेड उघडणारच असाल तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात, नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातात आणि दाब उतरतो.

५. कूलिंग. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या घरात आणि गाडी इंदोरा चौकात सिग्नलला उभी. जुन्या जीपची खरी परीक्षा तिथं होते. रेडिएटरची जाळी नवी भरावी आणि पंख्याभोवती श्राउड असावा, म्हणजे हवा जाळीतूनच ओढली जाते. झाकण बरोबर दाबाचं हवं. सात पौंडाच्या झाकणाखाली पाणी १०० ऐवजी साधारण ११० अंशाला उकळतं. सैल झाकण लावलं की हा फायदा गेला. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्यानं रोग बरा होत नाही. थंडीत इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. बोअरवेलचं जड पाणी तर कधीच टाकू नये, चुन्याचा थर आतून वाट बंद करतो. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं वापरावं.

उन्हात गाडी बंद केली आणि दहा मिनिटांनी सुरूच झाली नाही, तर बरेचदा पाइपमध्ये पेट्रोलची वाफ झालेली असते. मिस्त्री ओल्या फडक्यानं पंप थंड करतात ते याचसाठी. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासून लांब नेणं आणि टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावणं. हा पंप मागून ढकलतो, त्यामुळे वाफ सहसा धरत नाही. मात्र इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप बंद होईल असा स्विच हवाच. नाहीतर अपघातात गाडी उलटली तरी पंप पेट्रोल ओतत राहील.

६. इग्निशन. पॉइंटमधली फट साधारण अर्धा मिलिमीटर. ती झिजते आणि गाडी झटके देते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की ही कटकट संपते. तरी जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवावेत. रानात बंद पडली तर तेच कामाला येतात.

वर सांगितलेल्या यादीत इंजिन बदलायची गरज कुठंच आली नाही. आरसीवरचा तपशील न बदलता गाडी भरवशाची होते ती या छोट्या-छोट्या कामांनी.

गाडीची मर्यादा ओळखा

सगळं करूनही जीप ही जीपच राहते. चाकांमधलं अंतर फक्त ८० इंच, अंग उंच आणि वजन वरच्या बाजूला. वेगात झटक्यानं वळवली तर ती उलटते. सीजे-३बी चा अ‍ॅक्सल ताकदीसाठी बनला आहे. ताशी ८० किलोमीटरला तिचं इंजिन मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेरे मारतं. ५०-६० चा वेग तिला मानवतो, समृद्धी महामार्ग तिच्यासाठी नाही. सीटबेल्ट चासीला पक्के करून लावावेत आणि मागं पोरांना उभं करून नेऊ नये. पण पावसाळ्यात काळ्या मातीत, जिथं कार रुतते, तिथं फोर व्हील टाकून ती निघून जाते. संत्र्याच्या बागेत पेट्या काढायला तर तिच्यासारखी गाडी नाही.

गॅरेजवाल्याशी बोलताना

- कामाची यादी आणि रक्कम कागदावर लिहून घ्यावी. सगळे पैसे आधी देऊ नयेत, कामाच्या टप्प्यानुसार द्यावेत.
- काढलेले जुने पार्ट परत मागावेत. जुन्या जीपचे मूळ पार्ट मौल्यवान असतात.
- गाडी सोडण्याआधी चासी आणि इंजिन नंबरचा फोटो काढावा, परत घेताना जुळवावा.
- रंग देण्याआधी गाडी ४००-५०० किलोमीटर चालवावी. गळती, आवाज, सैल बोल्ट याच काळात कळतात. हेडचे बोल्टही या चालीनंतर पुन्हा कसून घ्यावेत.
- पीयूसी, विमा आणि नूतनीकरण झाल्याशिवाय गाडी हमरस्त्यावर आणू नये.
- गाडीत फॅनबेल्ट, होज, फ्यूज, पाण्याची कॅन आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर कायम असावा.

कापूस विकून आलेला पैसा जीपमध्ये घालणं हा हिशेबाचा निर्णय नसतो, घरातल्या आठवणीचा असतो. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या पैशातला पहिला रुपया परिवहन कार्यालयात आणि दुसरा ब्रेकवर जावा. उरलेल्यात रंग होतोच. आणि एखाद्या वर्षी नाही झाला, तर जुन्या रंगाची जीपही घरी सुखरूप पोचवते.